डिशवॉशरमधील सामान्य बिघाड

डिशवॉशर म्हणजेच भांडी धुण्याच्या घरगुती यंत्रात पाणी न येणे, पाण्याचा निचरा न होणे, भांडी अस्वच्छ राहणे, काचेवर पांढरा थर बसणे, भांडी ओली राहणे आणि गळती होणे हे बिघाड प्रामुख्याने आढळतात. यांपैकी अनेक तक्रारींचे मूळ यंत्राच्या मोटर, पंप वा इलेक्ट्रॉनिक भागांत नसते. पाण्याचा अपुरा दाब, पाण्यातील क्षार, चोंदलेली गाळणी, निचरा नळीची चुकीची मांडणी किंवा भांडी लावण्याची पद्धत ही त्यांची कारणे असतात. मुंबईच्या उत्तर टोकावरील दहिसरसारख्या उपनगरात नळाचे पाणी ठरावीक वेळी येते व बहुतेक इमारतींत ते गच्चीवरील टाकीतून घरोघरी पोहोचते. अशा ठिकाणी यंत्राची तपासणी पाण्यापासून सुरू करणे उपयुक्त ठरते.

## पार्श्वभूमी

भांडी धुण्याच्या लाकडी, हाताने फिरवायच्या यंत्राचे एकस्व अमेरिकेत जोएल हॉटन यांनी १८५० मध्ये घेतले होते, परंतु ते यंत्र फारसे उपयोगी ठरले नाही. जोसेफिन कॉक्रेन यांना २८ डिसेंबर १८८६ रोजी मिळालेल्या एकस्वातील यंत्र व्यवहारात यशस्वी झाले. त्यात तारेच्या जाळीत बसवलेल्या भांड्यांवर दाबाने पाणी मारले जात असे. हे यंत्र १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात मांडले गेले. सुरुवातीला ते मुख्यतः हॉटेले व संस्थांमध्ये वापरले जाई. घरांमध्ये त्याचा प्रसार पाश्चात्त्य देशांत दुसऱ्या महायुद्धानंतर झाला.

भारतात हे यंत्र दीर्घकाळ मोजक्या घरांपुरते मर्यादित होते. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ मुळे टाळेबंदी लागू झाली आणि अनेक गृहनिर्माण संस्थांनी घरकाम करणाऱ्यांना प्रवेश बंद केला. त्यानंतर शहरांतील मागणी लक्षणीय वाढली. यंत्रासाठी वेगळा नळ, निचऱ्याची सोय व १६ अँपिअरचा विजेचा सॉकेट जुन्या इमारतींच्या स्वयंपाकघरांत आधीपासून नसतो. त्यामुळे बऱ्याच घरांत या सोयी नंतर जोडलेल्या असतात आणि काही बिघाडांचे मूळ या जोडणीत आढळते.

## कार्यचक्र

यंत्रात पाणी टबासारखे भरत नाही. विजेवर चालणारा व्हॉल्व्ह उघडून प्रत्येक टप्प्यात काही लिटर पाणी तळाशी घेतले जाते, तापवले जाते आणि तेच पाणी पंपाद्वारे वारंवार भांड्यांवर फवारले जाते. पाणी फवारणाऱ्या फिरत्या दांड्यांना स्प्रे आर्म म्हणतात. परत खाली येणारे पाणी गाळणीतून जाते व टप्पा संपल्यावर निचरा पंप ते बाहेर टाकतो. प्राथमिक धुलाई, मुख्य धुलाई, विसळणे, अखेरचे गरम विसळणे आणि वाळवणे असा सर्वसाधारण क्रम असतो. पाण्याचे तापमान कार्यक्रमानुसार सुमारे ४५ ते ७० अंश सेल्सिअस राहते.

पाणी येणे, तापणे, फवारले जाणे, बाहेर जाणे आणि भांडी वाळणे यांपैकी कोणती क्रिया अडली हे ओळखल्यास संभाव्य कारणे मोजकीच उरतात. यंत्र सुरू होऊन काही मिनिटे फक्त गुणगुण ऐकू येत असेल व पाणी पडल्याचा आवाज नसेल, तर दोष पाणी येण्याच्या बाजूला असतो. फवाऱ्याचा आवाज व्यवस्थित असून शेवटी तळाशी घाण पाणी साचलेले दिसल्यास तो निचऱ्याच्या बाजूला असतो.

## पाणीपुरवठ्याचा प्रभाव

### दाब व वेळा

बृहन्मुंबई महानगरपालिकेचे पाणी अप्पर वैतरणा, मोडक सागर, मध्य वैतरणा, तानसा, भातसा, विहार व तुळशी या सात जलाशयांतून येते. दहिसर हा भाग महानगरपालिकेच्या आर उत्तर विभागात मोडतो. पालिकेचे पाणी ठरावीक वेळेत इमारतीच्या तळटाकीत जमा होते, पंपाने गच्चीवरील टाकीत चढवले जाते आणि तेथून गुरुत्वाकर्षणाने घरांत उतरते. त्यामुळे घरातील नळाचा दाब टाकी आणि नळ यांच्या उंचीतील फरकावर अवलंबून असतो. सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्यामुळे १ बार दाब मिळतो.

अनेक डिशवॉशरना किमान ०.५ बार दाब, म्हणजे सुमारे ५ मीटर उंचीचे पाणी लागते. टाकीचा तळ गच्चीपासून दीड मीटर उंच असेल, तर सर्वांत वरच्या मजल्यावरील ओट्याखालच्या नळाला साधारण ४ मीटरचाच, म्हणजे ०.४ बार दाब मिळतो. त्याच इमारतीत तीन मजले खाली हा दाब सुमारे १.३ बार होतो. एकाच बनावटीचे यंत्र एका घरात सुरळीत चालते व वरच्या घरात पाणी न आल्याची सूचना देते, त्यामागे बहुधा हेच कारण असते. अशा घरांत दाब वाढवणारा छोटा पंप बसवला जातो.

काही गृहनिर्माण संस्था टाकीचे पाणी दिवसातून ठरावीक तासच सोडतात. डिशवॉशरचे एक चक्र दोन ते तीन तास चालते आणि त्यात पाणी अनेकदा घेतले जाते. त्यामुळे पाणी बंद होण्याच्या थोडे आधी सुरू केलेले चक्र मध्येच थांबते. पाणीकपातीच्या काळात ही अडचण वाढते. जलाशयांतील साठा घटल्याने २०२४ मध्ये मुंबईत मे अखेरीस ५ टक्के व जूनच्या सुरुवातीपासून १० टक्के कपात लागू झाली होती. यंत्रातील विलंबाने सुरू होण्याची सोय वापरून चक्र पाण्याच्या वेळेत बसवता येते.

### पाण्यातील क्षार

जलाशयांत साठलेले पावसाचे पाणी तुलनेने सुफेन असते, तर कूपनलिकेचे वा टँकरचे पाणी बऱ्याचदा दुष्फेन, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असलेले असते. लिटरमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेले पाणी सुफेन आणि १८० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असलेले अतिदुष्फेन मानले जाते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) एकूण दुष्फेनतेची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे पिण्यास योग्य असलेले पाणीही यंत्राच्या दृष्टीने दुष्फेन असू शकते.

यंत्रातील मृदूकरण कक्षात राळेचे कण हे क्षार शोषून घेतात. राळ पुन्हा कार्यक्षम होण्यासाठी डिशवॉशरचे खास जाडे मीठ वापरले जाते. स्वयंपाकाचे बारीक मीठ त्यासाठी अयोग्य ठरते, कारण ते घट्ट बसते व त्यातील गुठळ्या न होण्यासाठी मिसळलेले पदार्थ कक्ष चोंदवतात. इमारतीत पालिकेचे व टँकरचे पाणी मिसळले जात असल्यास पाण्याची चाचणी पट्टीने तपासणी करून यंत्रातील दुष्फेनतेची पातळी ठरवावी लागते.

## बिघाड व त्यांची कारणे

### यंत्र सुरू न होणे

दार पूर्ण न मिटणे, बालसुरक्षा कुलूप किंवा विलंबाची सोय चालू राहणे ही साधी कारणे प्रथम पाहिली जातात. यंत्र सुरू झाल्यावर किंवा पाणी तापू लागल्यावर घरातील गळती-प्रवाह रोधक स्विच वारंवार पडत असेल, तर तापक किंवा वायरिंगमधून विद्युतगळती होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी स्विच पुन्हापुन्हा चढवणे किंवा तो वगळून जोडणी करणे जीवघेणे ठरू शकते.

### पाणी न येणे

नळ अर्धवट उघडा असणे, नळी यंत्रामागे दबणे आणि नळीच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी चोंदणे ही नेहमीची कारणे आहेत. इमारतीची टाकी धुतल्यानंतर किंवा जलवाहिनीच्या दुरुस्तीनंतर येणारी वाळू व गंज या जाळीत अडकतात. नळ बंद करून नळी काढल्यास जाळी जुन्या टूथब्रशने धुता येते. नळाखाली बादली धरून प्रवाह मोजता येतो. अनेक उत्पादक मिनिटाला सुमारे १० लिटर प्रवाहाची अपेक्षा ठेवतात.

निचरा नळीचे तोंड जमिनीलगत मोरीत सोडलेले असल्यास आत आलेले पाणी वक्रनळीच्या तत्त्वाने आपोआप बाहेर वाहून जाते. वरवर पाहता हा पाणी न येण्याचा बिघाड वाटतो, पण दोष निचऱ्याच्या मांडणीत असतो. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत नळीचा काही भाग जमिनीपासून किमान सुमारे ४० सेंटिमीटर उंच ठेवण्यास सांगितलेले असते.

### पाण्याचा निचरा न होणे

भाताची शिते, डाळीचा गाळ, कढीपत्ता, कोथिंबिरीचे देठ व मोहरी गाळणीत साचतात. रोज फोडणीचा स्वयंपाक होणाऱ्या घरात गाळणी आठवड्यातून दोन-तीनदा धुणे सोयीचे ठरते. गाळणी स्वच्छ असूनही पाणी उतरत नसल्यास निचरा पंपाच्या पात्यात काचेचा तुकडा, काडी किंवा हाडाचा कण अडकलेला असू शकतो. अनेक यंत्रांत पंपावरील झाकण काढून तो दूर करता येतो, मात्र त्याआधी वीजपुरवठा बंद करून साचलेले पाणी काढावे लागते. सिंकखालील सामाईक पाइप तुंबल्यास सिंकचे पाणी उलट यंत्रात येते.

गाळणीभोवती थोडे स्वच्छ पाणी राहणे हा काही यंत्रांत बिघाड नसतो.

### भांडी अस्वच्छ राहणे

खालच्या जाळीत पातेली व कढया उपड्या न ठेवल्यास, भांडी एकमेकांत बसवल्यास किंवा झाऱ्याचा दांडा आडवा आल्यास स्प्रे आर्म फिरत नाही अथवा पाणी पोहोचत नाही. यंत्र सुरू करण्याआधी तो हाताने फिरवून पाहता येतो. त्याची भोके मोहरीने वा क्षाराने बुजल्यास दाभणाने मोकळी केली जातात.

भांडी आधी घासून ठेवण्याची गरज नसते. उष्टे व जाड खरकटे काढणे पुरेसे असते, कारण डिशवॉशरच्या पावडरीतील विकरे प्रथिने व पिष्टमय पदार्थांचे विघटन करतात. करपलेला तळ मात्र आधी भिजवावा लागतो. हाताने भांडी घासण्याचा द्रव साबण यंत्रात वापरल्यास भरपूर फेस होतो, फवाऱ्याचा जोर कमी होतो आणि फेस दारातून बाहेर येऊ शकतो. असे झाल्यास चक्र रद्द करून पाणी काढतात व फेस संपेपर्यंत पावडरीविना थंड पाण्याने विसळतात.

### पांढरा थर व धूसर काच

काचेवरील धूसरपणाची दोन कारणे असतात व त्यांचे उपाय परस्परविरुद्ध आहेत. दुष्फेन पाण्याचा थर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने निघतो. त्यासाठी मीठ भरणे व मृदूकरणाची पातळी वाढवणे आवश्यक असते. व्हिनेगरनेही न निघणारा धूसरपणा हा काचेच्या पृष्ठभागाची झीज असते आणि ती भरून येत नाही. अतिसुफेन पाणी, जादा पावडर व अधिक तापमान यांनी झीज वाढते. सुफेन पाण्यात मृदूकरणाची पातळी विनाकारण वाढवल्यास काचेची हानीच होते.

### भांडी ओली राहणे व दुर्गंधी

बऱ्याच यंत्रांत अखेरच्या गरम पाण्याने तापलेली भांडी वाफ सोडून वाळतात. स्टील व चिनी माती उष्णता धरून ठेवतात, प्लास्टिकचे डबे लवकर निवतात व ओले राहतात. रिन्स एड नावाचा द्रव पाण्याचा पृष्ठताण कमी करून थेंब ओघळण्यास मदत करतो. पावसाळ्यातील दमट हवेत बंद यंत्रात कुबट वास येतो व दाराच्या रबरावर बुरशी धरते. चक्र संपल्यावर दार किलकिले ठेवणे, रबर पुसणे आणि महिन्यातून एकदा रिकामे यंत्र सर्वाधिक तापमानावर चालवणे हे त्यावरचे उपाय आहेत.

### गळती

दाराच्या रबरात अडकलेले अन्नकण, यंत्र समपातळीत नसणे, जादा फेस व सैल झालेले नळीचे जोड ही गळतीची प्रमुख कारणे आहेत. उंदरांनी नळी कुरतडल्यानेही गळती होते. अनेक यंत्रांच्या तळाशी तरंगता स्विच असतो. तेथे पाणी साचताच तो पाणी घेणे थांबवून निचरा पंप चालू ठेवतो. सदनिकांच्या इमारतीत गळतीचे पाणी खालच्या घराच्या छतात उतरते. यासाठी यंत्र वापरात नसताना त्याचा नळ बंद ठेवण्याची शिफारस केली जाते.

## भांड्यांचे नुकसान

पावडर अल्कधर्मी असल्याने ॲल्युमिनियमची व हिंडालियमची भांडी काळी पडतात. हा यंत्राचा बिघाड नसतो. बिडाच्या तव्यावरील तेलाचा थर निघून तो गंजतो, तांबे-पितळेची चकाकी जाते आणि पोळपाट-लाटणे फुगते वा तडकते. स्टीलचा कुकर धुता येतो, मात्र त्याची शिटी व रबरी रिंग वेगळी काढावी लागते.

## सूचनांक

बहुतेक यंत्रे बिघाडाचा सूचनांक दाखवतात, पण त्यांचे अर्थ उत्पादकानुसार बदलतात. बॉशच्या यंत्रांत 'ई१५' हा तळाशी पाणी साचल्याचा व 'ई२४' हा निचऱ्यातील अडथळ्याचा संकेत असतो. एलजीच्या यंत्रांत 'आयई' म्हणजे पाणी न येणे व 'ओई' म्हणजे निचरा न होणे. सूचनांक अडलेली क्रिया सांगतो, तिचे कारण सांगत नाही. 'आयई' दिसल्यावर व्हॉल्व्ह बदलण्याआधी गच्चीवरील टाकीत पाणी आहे का, हे पाहणे म्हणूनच आवश्यक असते.

## दुरुस्तीची मर्यादा

गाळणी, जाळी, स्प्रे आर्म, दाराचे रबर, नळ्यांची मांडणी, मीठ व रिन्स एड यांची देखभाल घरी करता येते. तापक, मुख्य पंप, विद्युत व्हॉल्व्ह व नियंत्रण पट्टी यांची दुरुस्ती तंत्रज्ञाचे काम असते. जळका वास, झिणझिण्या येणे, वारंवार स्विच पडणे किंवा तळाशी पुन्हापुन्हा पाणी साचणे ही लक्षणे दिसल्यास वीज व पाणी दोन्ही बंद करून यंत्राचा वापर थांबवावा लागतो. तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी नळाचा प्रवाह, पाण्याची वेळ, पाण्याचा स्रोत, सूचनांक व चक्र कोणत्या टप्प्यावर थांबले याची नोंद ठेवल्यास निदान लवकर होते व सुस्थितीतील भाग बदलण्याचा खर्च टळतो.