पेरॉक्साइडला लगाम
फ्रान्सच्या लुई जाक थेनार यांनी १८१८ मध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड शोधलं खरं, पण सुती कापडाच्या गिरण्यांत ब्लीचिंगसाठी ते रुळायला विसावं शतक उजाडलं. तोवर राज्य क्लोरीनचं. चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये पेटंट घेतलेली ब्लीचिंग पावडर स्वस्त होती आणि कुरणावर महिनोन्‌महिने कापड उन्हात पसरण्याची कटकट तिने संपवली होती.

पेरॉक्साइड मुळात उतावळं. कॉस्टिक सोडा घातल्याशिवाय ते धड कामाला लागत नाही, आणि घातला की आवरत नाही. त्यात गंजक्या पाइपातून लोखंडाचा कण आला तर बघायलाच नको! कणापाशी पेरॉक्साइड भराभर फुटतं, सेल्युलोज कुरतडतं. कापड पांढरंशुभ्र निघतं, पण उजेडात धरलं की बारीक भोकं दिसतात.

उतारा सापडला सोडियम सिलिकेटमध्ये. मॅग्नेशियमच्या जोडीने ते धातूंची खोडी मोडतं, मग १०.५ ते ११ पीएचला, उकळीच्या आसपासही पेरॉक्साइड बेताने खर्ची पडतं. मात्र रोलरांवर सिलिकेटचा टणक थर चढतो, कापड हाताला खरखरीत लागतं. म्हणून पुढे फॉस्फोनेटसारखे सेंद्रिय स्टॅबिलायझर आले. सिलिकेट काही हद्दपार झालं नाही; स्वस्त आहे ना!