सावित्रीतील होड्या आणि त्यांचे वंगण



महाड-पोलादपूर म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे रायगडाचा कडा, चवदार तळे आणि तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ उभे राहते. डोंगराच्या कुशीतील या दोन तालुक्यांच्या संदर्भात कोणी बोटीच्या इंजिनाचे तेल कसे निवडावे याविषयी बोलू लागला, तर वक्त्याचा विषय चुकला की काय, अशी शंका आपल्या मनात येणे साहजिक आहे. परंतु या दोन गावांचा इतिहास थोडा उलगडला, तर हा प्रश्न तेथे किती जिव्हाळ्याचा आहे हे सहज ध्यानात येईल.

सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपूरवरून महाडास येते आणि हरिहरेश्वर व बाणकोट यांच्यामधून समुद्राला मिळते. खाडीचे पाणी भरतीच्या वेळी पार आतपर्यंत चढते. त्यामुळे समुद्रापासून इतके दूर असूनही महाड हे एके काळी चांगले व्यापारी बंदर होते. मोठी गलबते दासगावला थांबत आणि लहान पडाव भरतीच्या पाण्यावर पुढे महाडपर्यंत येत. त्या काळी बोटीचे तेल म्हणजे तिच्या लाकडाला चोपडायचे माशाचे तेल. शीड, वल्ही आणि तांडेलाचा अनुभव यांना निराळे वंगण लागत नसे.

पुढे आगबोटी आल्या, स्वदेशीच्या काळात 'माझी आगबोट कंपनी' निघाली, आणि कोकणचा प्रवास वाफेवर चालू लागला. महाडच्या इतिहासातील एक थोर प्रसंगही या जलमार्गाशी जोडलेला आहे. डिसेंबर १९२७ मधील सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दोनशेहून अधिक प्रतिनिधी मुंबईहून 'पद्मावती' आगबोटीने निघाले. २५ डिसेंबर रोजी दुपारी दासगावच्या धक्क्यावर उतरले आणि तेथून पायी महाडास गेले. त्यानंतरच्याच वर्षी, म्हणजे १९२८ साली, महाडजवळ सावित्रीवर दगडी पूल उभा राहिला. हळूहळू माल आणि माणसे रस्त्याने जाऊ लागली, खाडी गाळाने उथळ होत गेली, आणि बंदराचे गाव बोट विसरले.

महाड बोट विसरत होते, त्याच काळात दूरदेशी बोटीचे एक नवे यंत्र बाळसे धरीत होते. पॅरिसच्या गुस्ताव्ह त्रूव्हे याने १८८१ साली सीन नदीत बोटीच्या मागे लावायची विजेची मोटार चालवून दाखविली होती. परंतु असे यंत्र घरोघरी नेले ते अमेरिकेतील मिल्वॉकीच्या ओले एव्हिनरूड याने. उन्हाळ्याच्या दिवसात तळ्यातील बेटावर आइसक्रीम पोहोचविताना वल्ही मारून तो दमला आणि आइसक्रीमही वितळले, अशी आख्यायिका सांगतात. तिचे काहीही असो. १९०९ साली त्याने विकावयास आणलेले यंत्र दीड अश्वशक्तीचे आणि सुमारे २८ किलो वजनाचे होते. एक माणूस ते उचलून कोणत्याही होडीच्या पाठीस अडकवू शके. आउटबोर्ड मोटारीचे सारे माहात्म्य या हलकेपणात आहे.

या हलकेपणाचे मोल मात्र तेलाच्या रूपाने द्यावे लागले. इंग्लंडातील जोसेफ डे याने १८८९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलची वाफ दट्ट्याखालच्या पेटीतूनच वर जाते. तेथे तेल साठवून ठेवता येत नाही. म्हणून वंगण पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. दट्ट्याला आणि धारव्यांना ते माखते आणि पेट्रोलबरोबर जळून जाते. बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालणाऱ्या आपल्या लोकांना हे तत्त्व नवे नाही. एरंडेल यंत्रालाही मानवते. 'कॅस्ट्रॉल' हे नावच एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून घडलेले आहे. परंतु वनस्पतीचे तेल जळताना चिकट राळेसारखा थर मागे ठेवते. पुढे खनिज तेले सुधारली, तेलाचे प्रमाण उतरत गेले आणि पेट्रोलचे ५० भाग व तेलाचा १ भाग हे माप रूढ झाले. म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर तेल.

येथे सामान्य माणसाची एक चूक होते. तो म्हणतो, 'स्कूटरही टू-स्ट्रोक आणि बोटही टू-स्ट्रोक. मग स्कूटरचे तेल बोटीला का चालू नये?' दोन्ही इंजिनांची प्रकृती भिन्न आहे, हे याचे उत्तर. स्कूटरचे इंजिन वाऱ्याने थंड होते, म्हणून ते फार तापते आणि त्याच्या तेलात उष्णतेला तोंड देणारी धातुयुक्त द्रव्ये घालतात. बोटीचे इंजिन नदीचे गार पाणी शोषून घेते आणि तासन्‌तास पूर्ण जोराने चालते. त्यात धातुयुक्त तेल जळले, की राख साचते, स्पार्क प्लग मळतो, निखाऱ्यासारख्या तापलेल्या राखेने इंधन अवेळी पेटते आणि प्रसंगी दट्ट्यालाच भोक पडते. यासाठी अमेरिकेतील नौकाव्यवसायाच्या संघटनेने पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांकरिता राखविरहित तेलाचे निराळे मानक घातले. डब्यावरील 'टीसी-डब्ल्यू३' ही खूण त्याचीच आहे. तेलाच्या डब्याची किंमत पाहण्यापूर्वी ही खूण पाहावी.

नव्या फोर-स्ट्रोक यंत्रांत मोटारगाडीप्रमाणे तेल वेगळे राहते. जुने टू-स्ट्रोक इंजिन सुमारे पाव हिस्सा इंधन न जाळताच पाण्यात सोडी. त्या दोषामुळे जगभर फोर-स्ट्रोक यंत्रांचा प्रसार झाला. खुद्द एव्हिनरूडच्या नावाची मोटार २०२० साली बनावयाची थांबली. फोर-स्ट्रोकसाठी 'एफसी-डब्ल्यू' ही खूण पाहावी. हे तेल गंजाची कसोटी उतरलेले असते. ते किती दाट असावे, हे यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. पंख्यावरील गिअरपेटीचे तेल आणखी निराळे असते. ते दुधासारखे पांढरे दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे निश्चित समजावे.

आता पुन्हा सावित्रीकडे वळू. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तोच १९२८ चा पूल कोसळला आणि एस. टी.च्या दोन गाड्या व इतर वाहने प्रवाशांसह पुरात गेली. पुढचे कित्येक दिवस राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी बोटी गढूळ पाण्यात शोध घेत फिरत होत्या. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरावर पावसाने कहर केला. चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तळिये गावावर डोंगर कोसळून ८० हून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या आणि महाड शहर पाण्याखाली गेले. रस्ते बुडालेले, दरडींनी अडलेले. बाहेरची मदतपथके वाटेतच खोळंबली. ज्या गावाने बोट सोडली होती, त्या गावाचे लोक छपरावर बसून बोटीचीच वाट पाहत होते.

अशा बोटीचे इंजिन दहा महिने स्वस्थ पडून असते आणि एका रात्री त्याच्याकडून सर्वस्वाची अपेक्षा केली जाते. म्हणून येथे तेलाची निवड हा पुराच्या रात्रीचा प्रश्न नाही. तो वैशाखातला आहे. उरलेले मिश्रण पुढील वर्षासाठी ठेवू नये. आजच्या पेट्रोलमधील इथेनॉल दमट हवेतील पाणी ओढून घेते आणि पाणी वाढले, की ते पेट्रोलपासून विलग होऊन तळाशी बसते. पावसापूर्वी ताजे मिश्रण करावे, मापाचे भांडे डब्यासोबतच बांधून ठेवावे आणि इंजिन एकदा पाण्यात चालवून पाहावे. घाईत 'थोडे अधिक बरे' म्हणून अंदाजाने ओतलेल्या तेलाने प्लग मळतो, आणि कमी तेलाने दट्ट्या जागीच धरतो. दोन्ही वेळी बोट प्रवाहाच्या मध्यावर उभी राहते.

पूर्वीचा तांडेल भरतीची वेळ बोटांवर मोजीत असे. ते ज्ञान चुकले तर पडाव गाळात रुते. आजच्या होडीवाल्याने मोजावयाचे ते पन्नासास एक. विद्या बदलली, तरी नदी तीच आहे. तिच्या काठी राहणाऱ्यांनी एक तेलाचा डबा वेळीच पारखून घ्यावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.