धरायचं कसं? : निलंग्यातला एक लेथ आणि पकडीचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण मोट आणि रहाट यांच्याविषयी बोललो होतो. आजचा विषय त्याहून लहान आहे, मुठीत मावेल एवढा. लेथवर लोखंडाचा तुकडा धरायचा कसा, एवढाच प्रश्न. तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं यात कशाला पडावं, असं कुणी म्हणेल. पण आम्ही पडलो, कारण आमच्या पुतण्याचे पैसे त्यात अडकले होते.

निलंग्यात त्याचं वर्कशॉप आहे. मोटारीचे शाफ्ट, ट्रॉलीच्या पिना, बुश, रसवंतीच्या चरकाचे रूळ अशी कामं. लेथ जुना, हातानं चालवायचा. लातूरच्या एका कारखान्यानं त्याला ४०० पिनांची ऑर्डर दिली. २० मिलिमीटरचा ब्राइट बार आणि दोन्ही टोकांना पायऱ्या. अट अशी की दोन्ही टोकांचं केंद्र एक हवं, डायल गेजचा काटा ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. पहिल्या दहा पिना परत आल्या. दुसरी खेपही परत आली असती तर ऑर्डर गेली असती, आणि तिच्या भरवशावर काढलेलं कर्ज राहिलं असतं.

आता थोडं मागे जाऊ. आपल्याकडे लेथ नवा नाही. कातारी हा शब्द मराठीत जुना आहे. पाळण्याचे खूर, लाटणी, खेळणी कातून देणारा माणूस. त्याचं लाकूड दोन अणकुचीदार टोकांच्या मध्ये धरलेलं असे आणि दोरी ओढली की पुढे-मागे फिरे. या पद्धतीचं मोठेपण असं, की लाकूड काढून पुन्हा लावलं तरी केंद्र तेच राहतं, कारण केंद्राची खूण लाकडावरच असते. आजही अचूक काम करायचं तर टर्नर 'बिटवीन सेंटर' लावतो, ते याच कारणानं. मात्र त्यात वेळ जातो.

मग आला चक. तीन जॉ एकाच वेळी मध्याकडे सरकणारा, आतल्या सर्पिल आट्यांवर चालणारा चक. अमेरिकेत सायमन फेअरमननं १८४० मध्ये अशा चकाचं पेटंट घेतलं. किल्ली फिरवा, तिन्ही जॉ आवळतात. जाड धरा, बारीक धरा, थोडं वाकडंतिकडं असलं तरी धरा. किती सोय! पण आटे झिजतात, जॉ झिजतात, आणि मध्य हळूहळू ढळतो. वर्कशॉपच्या भाषेत, चक 'आऊट मारतो'.

घड्याळवाल्यांना हे परवडणारं नव्हतं. १८५० च्या दशकात अमेरिकेतल्या घड्याळ-कारखान्यांत पोकळ स्पिंडल आणि चिरलेली नळी यांची जोडी जमली. तिचं श्रेय चार्ल्स मोझली या यांत्रिकाला देतात. ही चिरलेली नळी म्हणजे कॉलेट. फ्रेंचमध्ये कोल म्हणजे मान, कॉलेट म्हणजे छोटी कॉलर. नळीचं तोंड शंकूसारखं असतं. ती आत ओढली की चिरा मिटतात आणि काम सगळ्या बाजूंनी सारखं आवळलं जातं. सारखं, हा शब्द महत्त्वाचा. तीन जॉ तीन ठिकाणी दाबतात, कॉलेट जवळजवळ पूर्ण घेर धरतं. त्यामुळे पृष्ठभागावर वळ उठत नाहीत.

हे सगळं आपल्या मुलखात कसं आलं? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवत. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले, १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला, आणि १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगरानं जमीन नासते असं शेतकरी म्हणत, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. १९४१ मध्ये हरिहरला मैसूर किर्लोस्कर सुरू झाली, ती लेथसाठीच. एंटरप्राइज, टर्नमास्टर ही नावं जुन्या टर्नर मंडळींच्या तोंडी अजून आहेत.

मराठवाड्याची वाट वेगळी. निलंगा तालुका १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होता, मग उस्मानाबादेत आला, १९८२ पासून लातुरात. आपली राजधानी तेव्हा हैदराबाद. तिथेच शेजारी, सिकंदराबादला, १९४३ मध्ये प्रागा टूल्स निघाली, आणि तिथे लेथचे चक बनत. म्हणजे निजामाच्या राज्यात रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या आधी ही कंपनी निघाली होती. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत हे सापडत नाही. तिथे फक्त माणसंच कुणाला तरी धरतात.

असो. पुतण्याकडे वळू. त्यानं घाईनं एका व्यापाऱ्याकडून कॉलेट चक आणला. 'कुठल्याही लेथला बसतो' असं सांगितलं होतं. बसला नाही. लेथचं नाक आट्यांचं, म्हणजे चक फिरवून बसवायचा, आणि आणलेला चक कॅमलॉकचा. परतही घेतला नाही. मग आम्ही दोघं बसलो. आम्हाला यंत्र कळत नाही, पण प्रश्न कोणत्या क्रमानं विचारायचे ते थोडं कळतं.

पहिला प्रश्न, दोष कुठे आहे? डायल गेज लावला. जॉमध्ये धरलेल्या अचूक दांड्यावर काटा ०.१२ हलला, स्पिंडलच्या नाकावर जेमतेम ०.०१. म्हणजे बेअरिंग ठीक, दोष चकात. उलट असतं तर सोन्याचा चक घेऊनही उपयोग नव्हता.

दुसरा प्रश्न, हा दोष नडतो केव्हा? पीन एकाच पकडीत पूर्ण होत असती तर नडला नसता, कारण कातलेलं सगळं स्पिंडलच्याच केंद्राभोवती कातलं जातं. पीन उलटून दुसरं टोक धरलं की नडतो. चार जॉच्या चकात एकेक जॉ सरकवून काटा स्थिर करता येतो, पण ४०० वेळा कोण करणार?

तिसरा, माल कसला? इथेच खरी मेख आहे, आणि इतिहासही इथेच आहे. तीन जॉचा चक हा ओबडधोबड मालाच्या जगातला, कॉलेट हे एकसारख्या मालाच्या जगातलं. कारखान्यानं ब्राइट बार दिला होता, मापात. पण पुतण्याच्या रोजच्या कामाची सळई काळी, भंगारातली, कधी लंबगोल. ती फाइव्ह-सी कॉलेटमध्ये घालू नये. ते कॉलेट आपल्या मापाच्या अगदी आसपासचंच धरतं, जास्त ताणलं तर त्याची स्प्रिंग जाते. ईआर कॉलेट साधारण एक मिलिमीटर मिटतं, स्वस्तही पडतं. पण त्याचं नट पान्यानं आवळायचं, कॉलेट आधी नटमध्ये खटकन बसवायचं, आणि आखूड तुकडा धरायचा तर मागे त्याच मापाचा दुसरा तुकडा द्यायचा. अचूक आहे, झटपट नाही. पोलादी पाकळ्यांमध्ये रबर भरलेली कॉलेटंही आहेत. जेकब्जच्या त्या जातीत एक कॉलेट सुमारे इंचाच्या आठव्या भागापर्यंतची मापं सांभाळतं. जर्मन पद्धतीच्या चकात असं आख्खं तोंडच क्षणात बदलता येतं. किंमत ऐकून पुतण्या हसला.

आम्ही हिशेब मांडला. ४०० पिना, प्रत्येकी दोनदा पकड, म्हणजे ८०० वेळा. घड्याळ लावून पाहिलं तर किल्लीपेक्षा दांड्याच्या चकात दर पकडीला अर्धा मिनिट वाचत होतं. ४०० मिनिटं, पावणेसात तास. एका ऑर्डरसाठी हे फार नाही. पण वळ नाहीत आणि परतावा नाही, हे त्यात धरलेलं नव्हतं.

शेवटी दांड्यानं आवळणारा फाइव्ह-सी चक घेतला, कोऱ्या बॅकप्लेटसह. पूर्ण संच न घेता १६, २०, २२ आणि २५ ही चारच कॉलेटं. बॅकप्लेटला आधी नाकाचे आटे पाडले, मग ती त्याच स्पिंडलवर चढवून तिची बैठक तिथेच कातली, म्हणजे केंद्र लेथचं स्वतःचं. आवळताना कॉलेट काम किंचित मागे ओढतं, म्हणून लांबी केसभर बदलते. पिनांना तेवढी सूट होती. चक नाकापासून बराच पुढे येतो, त्यामुळे काप हलका घ्यावा लागला.

काटा ०.०२ वर आला. ४०० पिना गेल्या, सहा परत आल्या, त्याही लांबीमुळे. तीन जॉचा जुना चक पुतण्यानं तेल लावून फळीवर ठेवला होता. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी रसवंतीचा वाकलेला रूळ घेऊन आला, आणि तो चक पुन्हा खाली काढावा लागला.