बाजारपेठेतील रस्त्याची पुनर्रचना

रस्त्याची पुनर्रचना म्हणजे मोटारींनी व्यापलेला रस्ता पादचारी व बसप्रवासी यांच्यासाठी नव्याने आखणे. पुण्यात 2006 मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर हा बीआरटी (बससाठी राखीव मार्गिकेचा) मार्ग सुरू झाला आणि 2016 मध्ये महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले. पुढे जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंदावून तेथे बाके बसवण्यात आली. रस्त्याची क्षमता वाहनांवरून नव्हे, माणसांवरून मोजावी, हे या आखणीमागचे सूत्र योग्यच आहे: दोन-तीन मोटारींच्या जागेत उभ्या राहणाऱ्या एका बसमधून पन्नासएक माणसे जातात. गिऱ्हाईक तुटेल, ही दुकानदारांची भीती समजण्यासारखी आहे. पण दारात दिवसभर उभी राहिलेली एक मोटार अनेक गिऱ्हाइकांची वाट अडवते. 11 डिसेंबर 2021 रोजी पादचारी दिनानिमित्त पुण्याच्या बाजारपेठेतील लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवला, तेव्हा लोक रस्त्याच्या मधोमध चालत खरेदी करत होते. मात्र एका दिवसाने सवय बदलत नाही, आणि बस वेळेवर आली नाही तर लोक दुचाकीकडे वळतात आणि त्या रुंद पदपथावरही चढतात. इंडियन रोड्स काँग्रेसने पदपथावर किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. गोंदियासारख्या लहान शहरांनी सुरुवात स्थानक ते बाजार या वाटेवर एवढी रुंदी सलग मोकळी करण्यापासून करावी.