शंभर रुपये दंड आणि पुढचा अंक

ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. मी अडखळलो ती वाक्यं काढलीत, बाकी बोललो तसंच आहे.

सुरुवात एका सिनेमापासून करतो. 'द क्रूसिबल', १९९६ चा. डोंबिवली ते ठाणे, सकाळच्या गर्दीत, एका हातानं वरची कडी आणि दुसऱ्या हातात फोन, असा मी तो चार दिवसांत तुकड्यातुकड्यानं पाहिला. मूळ नाटक आर्थर मिलरचं, १९५३ साली न्यूयॉर्कला रंगमंचावर आलेलं. गोष्ट त्याहून जुनी, १६९२ सालची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सेलम नावाचं गाव. कडक धर्म पाळणारी प्युरिटन मंडळी. काही मुली विचित्र वागायला लागतात, मग त्या एकेकाचं नाव घेतात, की हिनं चेटूक केलं, त्यानं केलं. कोर्ट बसतं. एकोणीस जणांना फाशी होते. एका म्हाताऱ्यानं आरोप मान्यही केला नाही आणि नाकारलाही नाही, म्हणून त्याच्या अंगावर दगड रचत रचत त्याला मारलं.

आपल्याला हे फार परकं वाटायचं कारण नाही. आपल्या राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वाचा. एखाद्याला करणी करणारा किंवा चेटूक करणारी ठरवून त्रास देणं हा गुन्हा आहे, असं त्यात लिहावं लागलंय. म्हणजे ते आपल्याकडे होत होतं म्हणूनच ना.

असो. सेलमची सगळ्यात विचित्र गोष्ट ही, की ज्यांनी 'हो, मी चेटूक केलं' असं कबूल केलं ते वाचले. 'मी काही केलेलं नाही' म्हणणारे फासावर गेले. खोटं बोल आणि घरी जा, अशी ऑफर. नाटकातला जॉन प्रॉक्टर आधी ती घेतो. कबुली देतो, सहीसुद्धा करतो. पण तो कागद गावात लावणार म्हटल्यावर फाडून टाकतो. तो काही संत नाही. बाहेर लफडं केलेला, तापट माणूस आहे. फक्त त्या एका कागदावर तो अडतो.

हे बघताना मला घाम फुटला, आणि तो गर्दीचा नव्हता.

कारण सांगतो. गेल्या वर्षी आमचं एक रिलीज होतं. शुक्रवार संध्याकाळ. पूर्ण लोडवर टेस्ट झालेली नव्हती, सर्व्हर मिळाला नव्हता म्हणून. फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'टेस्ट पूर्ण', आणि त्याच्यापुढे माझं नाव. मला कोणी धमकावलं नाही. वरून फक्त एवढंच आलं, 'अरे, टिक करून टाक ना, सोमवारी बघू.' मी टिक केली. सोमवारी कोणी काही बघितलं नाही. काही बिघडलंही नाही. सिस्टीम मस्त चालली. काही बिघडलं असतं तर निदान शिव्या खाऊन मोकळा झालो असतो.

तर, माझ्यासारख्या माणसाला प्रॉक्टर उपयोगाचा नाही, असं मला वाटलं. आपल्यासमोर फास नसतो. आपल्यासमोर शुक्रवार संध्याकाळ असते. मग मी असा माणूस शोधायला लागलो, ज्याला फाशी होणार नव्हती, फक्त रोज थोडं थोडं 'ॲडजस्ट कर ना' असं सांगितलं जात होतं. आणि तो मराठीतच सापडला. र. धों. कर्वे.

रघुनाथ धोंडो कर्वे. पुण्यातला कर्वे रोड ज्यांच्या नावाचा, त्या महर्षी धोंडो केशव कर्व्यांचा थोरला मुलगा. जन्म १४ जानेवारी १८८२. आई राधाबाई १८९१ साली बाळंतपणात गेली. मुलगा नऊ वर्षांचा होता. पुढे वडिलांनी विधवेशी लग्न केलं, समाजानं वाळीत टाकल्यासारखं केलं, वगैरे आपण शाळेत शिकलोय. मुलाबद्दल मात्र शाळेत चकार शब्द नाही. का नाही, ते आता कळेल.

मुलगा हुशार. १८९९ ला मॅट्रिकला पहिला. गणिताचा प्राध्यापक झाला, पॅरिसला जाऊन शिकून आला. आणि त्याच्या डोक्यात एक विषय बसला तो आयुष्यभर हलला नाही: संततिनियमन. बायका पोरं काढून काढून मरतात, ते थांबवता येतं, आणि कसं थांबवायचं हे लोकांना स्पष्ट सांगितलं पाहिजे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सनं तिचं क्लिनिक उघडलं होतं. म्हणजे हा माणूस जगाच्या मागे नव्हता, बरोबर होता.

तेव्हा ते विल्सन कॉलेजात शिकवत होते. मिशनऱ्यांचं कॉलेज. हे काम बंद करा नाहीतर नोकरी सोडा, असं त्यांच्यापुढे ठेवलं गेलं. १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. इथे थोडं थांबू या. ते काम चालू ठेवून तोंड बंद ठेवता आलं असतं. दोन-चार वर्षं गप्प बसून मग बघता आलं असतं. गणिताच्या प्राध्यापकाला त्या काळात पगार काही वाईट नव्हता.

मग जुलै १९२७ मध्ये त्यांनी मासिक काढलं, 'समाजस्वास्थ्य'. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र. शरीरात लाजण्यासारखं काही नाही, हे त्यांना झाकणावरच सांगायचं होतं. आत गर्भनिरोधनाची साधनं, गुप्तरोग, स्त्रीचं लैंगिक सुख, हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण, वाचकांचे प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं. १९२७ सालचं मराठी मासिक आहे हे, पुन्हा सांगतो. आज आपण ज्या गोष्टी इन्कॉग्निटो विंडोत शोधतो, त्या हा माणूस छापून पोस्टानं पाठवत होता. बराचसा मजकूर स्वतःच लिहायचे. जुने अंक स्कॅन होऊन इंटरनेटवर आलेत, मी त्यातले काही वाचले. खरं सांगू? सगळं गोड नाही. माणूस खडूस आहे. देव, धर्म, गांधी, स्वतःचे वडील, कोणाचीच गय नाही. शेजारी असते तर मला त्यांची भीती वाटली असती.

खटला व्हायचाच होता. १९३१ साली पहिला झाला. निमित्त 'व्यभिचाराचा प्रश्न' हा लेख. आरोप अश्लीलतेचा. दंड शंभर रुपये. हायकोर्टात अपील केलं, ते फेटाळलं गेलं.

आता कायद्याकडे बघा, कारण सेलमशी खरा सांधा तिथेच जुळतो. अश्लील म्हणजे काय, याची कसोटी तेव्हा १८६८ सालच्या एका इंग्लिश खटल्यातून घेतलेली होती. ज्यांचं मन अशा गोष्टींनी बिघडू शकतं, त्यांच्या हाती हे पडलं तर ते बिघडतील का? प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर आरोपीला देताच येत नाही. कोणाचं मन? कुठे आहे तो बिघडलेला माणूस? त्याला साक्षीला बोलवायची गरज नाही, तो असू शकतो एवढं पुरे. सेलममध्येही मुली सांगायच्या, हिचं भूत मला चिमटे काढतंय, आणि ते भूत फक्त त्यांनाच दिसायचं. न दिसणाऱ्या साक्षीदारासमोर उलटतपासणी कशी करणार?

१९३४ साली पुन्हा खटला. या वेळी वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं अश्लील ठरवली गेली. कर्व्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मला हे माहीतच नव्हतं, आणि मी दर एप्रिलला स्टेटस ठेवणाऱ्यांपैकी आहे. पुणे करार होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं, देशातला सगळ्यात मोठा प्रश्न त्यांच्या खांद्यावर होता, आणि ते एका खडूस प्राध्यापकाच्या मासिकासाठी युक्तिवाद करत होते. न्यायाधीशांचा मुद्दा असा, की असले विकृत प्रश्न छापायचेच कशाला? आंबेडकरांचं म्हणणं साधारण असं, की विकृती असेल तर ती ज्ञानानंच जाईल, दुसरा रस्ता कोणता? हॅवलॉक एलिस वगैरे तज्ज्ञांचे दाखले दिले. उपयोग झाला नाही. या वेळी दंड दोनशे.

आंबेडकरांनी विषय तिथे सोडला नाही. १९३८ साली त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. तोही पडला.

इथे मला एक बारीक गोष्ट दिसते. कर्व्यांना कोर्ट 'तुम्ही चुकलात म्हणा' असं म्हणत नव्हतं. शंभर रुपये भरा आणि जा. नंतर मुखपृष्ठ बदललं असतं, प्रश्नोत्तरं जरा सौम्य केली असती, तर दुसरा खटला टळू शकला असता. गर्भनिरोधनाचा प्रचार चालूच राहिला असता की. मोठ्या कामासाठी छोटी माघार. आमच्याकडे मीटिंगमध्ये याला फार छान छान नावं आहेत. कर्व्यांनी दंड भरला आणि पुढचा अंक काढला, त्याच विषयांवर. वाचकानं जे विचारलंय त्याचं उत्तर द्यायचं. कोर्टाला आवडेल असं दुसरंच काहीतरी द्यायचं नाही. एवढंच त्यांचं म्हणणं. असे सव्वीस वर्षांत तीनशेच्या आसपास अंक.

याला हट्टीपणाच म्हणायचा का? मी बरेच दिवस यावर घोळत होतो. कारण 'द क्रूसिबल'मध्ये सगळ्यात हट्टी माणूस प्रॉक्टर नाहीच. न्यायाधीश डॅनफोर्थ आहे. त्याला शेवटी शेवटी शंका येते, पण आधी बाराजणांना फाशी दिलीय, आता थांबलो तर ते निर्दोष होते असं होईल, म्हणून तो पुढच्यांनाही लटकवतो. तोही ताठच आहे. तोही म्हणेल, मी तत्त्वाला धरून आहे. फरक एवढाच, की त्याच्या ताठपणाची किंमत दुसरे भरतात. खऱ्या सेलममधला सॅम्युअल सूअल नावाचा न्यायाधीश मात्र १६९७ साली भर चर्चमध्ये उभा राहिला आणि त्यानं दोष स्वतःवर घेतला. त्याच्यापुरता हट्ट तिथे संपला.

हे माप कर्व्यांना लावलं तर? मान्य आहे, किंमत त्यांनीच भरली. नोकरी, पैसा, मान. पण पूर्ण त्यांनीच नाही. मालतीबाई होत्या. दोघांनी मूल नको असं ठरवलं, आणि नसबंदीची शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. आजही आपल्याकडे ही पाळी बहुतेक बाईवरच येते, म्हणून मला हे फार मोठं वाटतं. पण प्राध्यापकाची नोकरी गेल्यावर घर चालवण्यात मालतीबाईंच्या नोकरीचा हात होता. आणि ज्या घरावर दर महिन्याला शिव्या येतात, त्या घरातून रोज सकाळी कामावर जायचं. रस्त्यात, भाजीवाल्याकडे, नातेवाइकांच्या लग्नात, 'त्या कर्व्यांची बायको'. तिच्या सहीशिवाय हा हट्ट एक महिनाही चालला नसता. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' पाहा, २००१ चा, किशोर कदम कर्वे झालेत. आणि २०१७ साली अजित दळवींचं 'समाजस्वास्थ्य' हे नाटक आलं, अतुल पेठेंनी बसवलेलं, त्यात हे खटलेच उभे केलेत. प्रॉक्टरचं नाटक आपल्याकडेही आहे, असं मी मित्रांना सांगतो ते यामुळे.

शेवटचा भाग पटकन सांगतो. १९५२ साली स्वतंत्र भारताच्या सरकारनं कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ज्यासाठी दोनदा दंड झाला, ते आता सरकारी धोरण. पुढे लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर आला. आमच्या डोंबिवलीत जुन्या भिंतींवर तो पुसटसा दिसायचा, लहानपणी मला ती वीज मंडळाची खूण वाटायची. कर्व्यांना कोणी सत्काराला बोलावल्याचं माझ्या वाचनात नाही. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले. त्याच वर्षी जानेवारीत तिकडे मिलरचं नाटक लागलं होतं. 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ चा, म्हणजे ते गेल्यावर आलेला.

मिलरवर १९५६ साली स्वतःच्या नाटकासारखाच प्रसंग आला. अमेरिकन संसदेच्या समितीनं त्याला विचारलं, कम्युनिस्टांच्या बैठकीत अजून कोण कोण होतं? त्यानं स्वतःबद्दल सगळं सांगितलं, दुसऱ्यांची नावं सांगायला नकार दिला. पाचशे डॉलर दंड झाला, १९५८ साली शिक्षा रद्द झाली. कर्व्यांचे तीनशे रुपये मात्र कोणी परत केले नाहीत.

माझ्या फॉर्मचं काय, असं मागच्या आठवड्यात रेकॉर्डिंग ऐकून एका मित्रानं विचारलं. पुढचं रिलीज या महिन्याअखेर आहे. सर्व्हर अजून मिळालेला नाही. मी मेल लिहून ठेवलाय, ड्राफ्टमध्ये आहे.

आणि एक विनंती. हे मासिक लोक घरात लपवून वाचायचे. तुमच्या आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत, कल्याणच्या जुन्या वाड्यात, ठाण्याच्या माळ्यावर 'समाजस्वास्थ्य'चा एखादा अंक सापडला, तर रद्दीत देऊ नका. फोटो काढा आणि मला पाठवा. कोणाच्या घरात सापडला हे मी सांगणार नाही.