सरकारने घातलेली टोपी

१५७१ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने थेट प्रजेच्या डोक्यालाच हात घातला. सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने रविवारी आणि सणासुदीला लोकरीची विणलेली टोपी घातलीच पाहिजे, आणि तीही इंग्लंडातच तयार झालेली, असा कायदा पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात झाला. अशी टोपी नसलेल्या डोक्याला दिवसाचा दंड ३ शिलिंग ४ पेन्स. मजुराची काही दिवसांची कमाई त्यात जाई. सूट कुणाला? उमरावांना, सरदारांना, बऱ्यापैकी जमीनजुमला असलेल्यांना, घरंदाज बायकांना आणि कुमारिकांना. धंदा वाचवायचा होता टोपीवाल्यांचा आणि खिसा हलका व्हायचा होता सुतार-लोहारांचा, त्यांच्या पोरांसकट.

धंदा मात्र खरोखरच मोडकळीला आला होता. शौकीन लोक नमद्याच्या रुबाबदार हॅटकडे वळले होते, परदेशी माल बाजारात येत होता. एका टोपीवर किती घरं जगतात, हे कायद्यातच नोंदवलं आहे. लोकर निवडणारे, पिंजणारे, कातणारे, विणणारे, तुडवणारे, रंगारी, कातरणारे, दाबणारे, अस्तर लावणारे अशी पंधराच्या आसपास कामं त्यात मोजली आहेत.

एवढे हात का लागत, ते टोपी कशी तयार होई हे पाहिलं की कळतं. चार-पाच सुयांवर गोल, साध्या सुलट विणीत टोपी विणायची, पण डोक्याच्या मापापेक्षा बरीच मोठी. मग ती भिजवून इतकी तुडवायची की लोकर आटून एकजीव व्हावी. हे काम पाणचक्कीवर उरकलं तर टोपी खराब होते आणि माणसांची पोटंही मारली जातात, म्हणून आधीच्या चौथ्या एडवर्ड राजाच्या काळात टोप्यांसाठी चक्की वापरायला कायद्याने बंदी होती. आटलेल्या टोपीवर काटेरी बोंडं घासून लव काढायची, कात्रीने ती सारखी करायची. शेवटी पाऊस सहज आत शिरणार नाही असं जाड कापड हाती येई आणि त्यात टाका दिसत नसे. आज ब्रिओश विणीची टोपी करणाऱ्यांची तऱ्हा बरोबर उलटी. एक टाका न विणता सुईवर घ्यायचा, त्यावर धागा टाकायचा आणि पुढच्या फेरीत दोन्ही मिळून विणायचे. यातून उठावदार उभ्या कडा येतात, कापड फुगीर होतं आणि भरपूर ताणतं. वीण दिसावी म्हणूनच ती टोपी करायची! त्या काळच्या कारागिराला हे काम अर्धवटच वाटलं असतं.

या टोप्यांत नाव कमावलं ते वेल्सच्या सीमेवरच्या मॉनमथ गावाने. जवळच हेरफर्डशायरात राइलँड मेंढ्यांची उत्तम लोकर मिळे. सैनिक आणि खलाशी या टोप्या घालत, पण वरच्या थरातही त्यांना मान होता. १५७६ मध्ये गिल्बर्ट टॅलबटने आपल्या वडिलांना, म्हणजे श्रूजबरीच्या अर्लला, नववर्षाची भेट म्हणून मॉनमथची टोपीच पाठवली. कायद्याने सूट दिलेल्या घरात ती अशी हौसेने पोचली. शेक्सपिअरच्या ‘हेन्री पाचवा’ नाटकातही तिचा उल्लेख येतो. त्या काळची एक तपकिरी टोपी मॉनमथच्या संग्रहालयात आहे. तिच्या शेंड्यावर बटण आहे, काठाला लोकरीचा फास.

कायद्याला मात्र लोकांनी फारशी दाद दिली नाही. फॅशनपुढे दंड थिटा पडला आणि १५९७ मध्ये कायदा रद्द झाला. मॉनमथची टोपी त्यानंतरही टिकली. १६२९ मध्ये मॅसॅच्युसेट्स बे कंपनीने अमेरिकेत जाणाऱ्या वसाहतवाल्यांच्या सामानाची यादी केली, तीत मॉनमथच्या टोप्या होत्या.

त्याच शतकात डच खलाशी देवमाशांच्या शिकारीसाठी उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेनला जात. तिथे दगावलेल्यांपैकी १८५ जणांच्या कबरी १९८० मध्ये अभ्यासकांनी तपासल्या. अनेक सांगाड्यांच्या डोक्यावर लोकरीच्या विणलेल्या टोप्या तशाच होत्या. इंग्लंडच्या पार्लमेंटला सगळ्यांच्या डोक्यावर सरकारमान्य टोपी हवी होती. इथे प्रत्येकाची वेगळी. कडाक्याच्या थंडीत माणसं अशी गुरफटलेली असत की डोळे तेवढे दिसत. मग समोर कोण आहे ते टोपीच्या रंगांवरून आणि पट्ट्यांवरून ओळखायचं. त्यांतल्या काही टोप्या अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये मांडल्या आहेत.