पंखाची दुरुस्ती आणि २८ वर्षांचा वाद

१/ राइट बंधूंचे १९०३ चे विमान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे. परंतु १९२८ मध्ये ऑर्व्हिल राइट यांनी ते याच संस्थेवर रुष्ट होऊन लंडनच्या सायन्स म्युझियमकडे धाडले होते. या रोषाच्या मुळाशी होती दुसऱ्याच एका विमानाच्या पंखांची दुरुस्ती.

२/ ते विमान सॅम्युएल लँग्ली यांचे. खगोलशास्त्रज्ञ लँग्ली १८८७ मध्ये स्मिथसोनियनचे सचिव झाले. रबराच्या पिळावर उडणाऱ्या छोट्या मॉडेलांपासून आरंभ करून ते वाफेच्या इंजिनावरील मॉडेलांकडे वळले. पुढे एक व मागे एक अशा पंखांच्या दोन जोड्या असलेल्या या यंत्रांना त्यांनी ‘एअरोड्रोम’ हे नाव दिले.

३/ आरंभीची मॉडेले एकामागून एक पोटोमॅक नदीत कोसळली. इंजिन चाले, पण पंख दगा देत. लाकडी फासळ्यांवर रेशीम ताणून केलेला पंख कार्यशाळेत जसा बसवावा तसा हवेत राहत नसे. हवेच्या दाबाने तो वाके, पिळला जाई आणि मोजूनमापून ठेवलेला कोन क्षणात बिघडे.

४/ हा दोष उघड करण्याची युक्ती साधी होती. पंख उलटा ठेवून त्यावर वाळू पसरायची. उडताना हवा जो भार खालून वर देते, तोच येथे वाळू वरून खाली देई. पंख कोठे व किती वाकतो हे डोळ्यांना दिसू लागले. मग आधार आणि ताणतारा बदलून त्याला ताठपणा दिला गेला.

५/ ६ मे १८९६. व्हर्जिनियातील क्वांटिकोजवळ नदीतील नौकेवरून प्रथम क्रमांक ६ चे मॉडेल सोडले. सुटतानाच एक तार अडकली आणि डावा पंख मोडला. त्याच दुपारी क्रमांक ५ मात्र सुमारे ३,३०० फूट उडाले. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल तेव्हा तेथे उपस्थित होते. दुरुस्त झालेले क्रमांक ६ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये याहून लांब गेले.

६/ १८९८ मध्ये अमेरिकेच्या युद्धखात्याने माणूस वाहणाऱ्या विमानासाठी ५०,००० डॉलर मंजूर केले. लँग्लींनी यशस्वी मॉडेलचाच आराखडा मोठा केला. मात्र लांबी-रुंदी चौपट झाली की क्षेत्रफळ १६ पट आणि घनफळ ६४ पट होते. मॉडेलमध्ये पुरेसा ठरलेला ताठपणा मोठ्या पंखात आपोआप येत नाही.

७/ ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ रोजी चार्ल्स मॅन्ली यांच्यासह ते विमान दोनदा नदीत पडले. लँग्लींनी दोष विमान सोडणाऱ्या यंत्रणेला दिला, तर पुढच्या अनेक अभ्यासकांनी पंखांच्या दुबळ्या बांधणीकडे बोट दाखवले. दुसऱ्या अपयशानंतर नऊच दिवसांनी राइट बंधू उडाले. १९०६ मध्ये लँग्ली निवर्तले.

८/ १९१४ मध्ये स्मिथसोनियनने ते विमान ग्लेन कर्टिस यांच्या हाती दिले. राइट यांच्या पेटंटवरील खटल्यात कर्टिस नुकतेच हरले होते. राइटपूर्वीचे एखादे यंत्र उडण्याजोगे होते असे ठरले, तर त्यांचा लाभ होता. न्यूयॉर्क राज्यातील हॅमंड्सपोर्ट येथे ते विमान पाण्यावरून थोडेसे उडालेही.

९/ परंतु उडाले ते १९०३ चे यंत्र नव्हते. पंखांचा बाक बदलला होता, आधाराचे खांब मागे सरकवले होते, ताणतारांची रचना नवी होती, खाली तरंगणारे फ्लोट होते. संस्थेच्या अहवालात मात्र ‘मूळ बांधणी’ असेच छापले गेले. पुढे विमान पुन्हा १९०३ च्या रूपात आणून प्रदर्शनात मांडले आणि माणसासह उडू शकणारे जगातील पहिले विमान असा फलक लावला.

१०/ येथे दोन दुरुस्त्यांमधील भेद ध्यानी घ्यावा. वाळूने तपासलेल्या पंखाची हकिकत लँग्लींच्या १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अपयशांसकट वाचता येते. म्हणून ती ज्ञान ठरली. १९१४ ची दुरुस्ती आधी दडवली, मग पुसली. त्यामुळे वस्तुसंग्रहालयातील खरी वस्तूच खोटी साक्ष देऊ लागली.

११/ १९४२ मध्ये संस्थेचे सचिव चार्ल्स ॲबट यांनी १९०३ आणि १९१४ च्या रचनांतील फरकांची यादी प्रसिद्ध करून दावा मागे घेतला. ऑर्व्हिल जानेवारी १९४८ मध्ये वारले. त्याच वर्षी १७ डिसेंबरला, पहिल्या उड्डाणाच्या ४५ व्या वर्धापनदिनी, राइट यांचे विमान स्मिथसोनियनमध्ये विराजमान झाले. ते पाहायला दोघांपैकी एकही भाऊ उरला नव्हता.